आई तेवढ्या राहिल्या

सासूबाईंनी पुढे केलेला पाण्याचा पेला सूनबाईने आजही घेतला नाही! "लांब व्हा आई, शिवू नका मला," एवढंच बोलून ती मागच्या दाराने तडक न्हाणीघरात शिरली, आणि सासूबाईंच्या हातातला पेला तसाच राहिला...

संसर्गाच्या वॉर्डात नर्स होती ती. तिथून म्हणे झगा, मास्क, हातमोजे उतरवून, हात धुऊनच निघते. मग घरी येऊन पुन्हा इतका वेळ आत करते तरी काय ही बया? आपलं ऑपरेशन झाल्यापासून आपलीच किळस वाटते का हिला? विचार करकरून सासूबाईंचा जीव विटला होता. लेकीकडे कायमचं जायला पिशवीसुद्धा भरून ठेवली होती त्यांनी. पण मेलं ते कुतूहल! जाण्याआधी एकदा ऐकावं तरी, म्हणून त्यांनी हळूच दाराला कान लावला.

नळ वाहत होता आणि सूनबाई पुटपुटत होती, "हे झाले... पिल्लू झालं... बाबा झाले... आई तेवढ्या राहिल्या!"

सासूबाईंच्या काळजात चर्र झालं. दार उघडलं तेव्हा त्या पिशवी घेऊनच उभ्या होत्या.

"राहिले ना मी तेवढी? जाते हो! होऊ दे तुझ्या मनासारखं!"

सूनबाई आधी गोंधळली, मग हसली आणि हसता हसता रडायलाच लागली.

"अहो आई, हात धुताना माझं नेमकं काहीतरी राहून जायचं. म्हणून मी सगळ्यांना नावं ठेवली..."

"ते दिसतंच आहे!"

"तसं नाही हो! तळवे म्हणजे हे, बोटांच्या फटी म्हणजे पिल्लू, नखं म्हणजे बाबा. आणि अंगठा म्हणजे तुम्ही. अंगठा चोळायचाच सगळे विसरतात, आई. तुमची जखम अजून ओली आहे. मी अंगठा विसरले आणि तुम्हाला काही झालं, तर... मी जगेन का हो?"

सासूबाईंच्या हातून पिशवी गळून पडली. ज्या पोरीने रोज आपलंच नाव घेतलं, तिला आपण काय काय बोललो मनातल्या मनात!

दुसऱ्या दिवशी त्या पेला घेऊन आडव्या आल्या नाहीत. न्हाणीघराचं दार त्यांनी आधीच उघडून ठेवलं होतं, आत तिच्यासाठी धुतलेले कपडे काढून ठेवले होते. सूनबाई आत गेली. नळ बंद झाला, तशी त्यांनी बाहेरून हाक मारली, "अगं, मी राहिले का?"

"नाही आई, झालात! दोनदा!"

"मग ये आता. पाणी घे. मीही हात धुतलेत हो, अंगठ्याला तुझं नाव घेऊन."

सूनबाईने पेला घेतला, खाली ठेवला आणि सासूबाईंना घट्ट मिठी मारली.