नडगीतली बासरी

इंदापूरहून बारामतीला निघालेल्या एस.टी.त चढताना त्याचा दुधाचा रिकामा कॅन माझ्या नडगीवर असा आदळला, की मी कळवळून ओरडले, "आई गं... टिबिया!" नर्सिंगचं पहिलंच वर्ष होतं. दुखणंसुद्धा पुस्तकातूनच बाहेर पडायचं.

कॅनवाला शंभूराज एमआयडीसीतल्या एका डेअरीत कामाला होता. माफी मागून झाली तरी शेजारून हलेना. टिबिया म्हणजे काय, हे त्याला हवंच होतं. मग सांगितलं, नडगीचं हाड. शब्द लॅटिन, आणि मूळ अर्थ बासरी. जुन्या काळी तिकडं जनावरांच्या नडगीच्या बासऱ्या करायचे.

"म्हंजी तुमच्या पायात बासरी हाय," तो म्हणाला. "आमच्या आज्याचा पावा हाय घरी. मेंढरामागं वाजवायचा. मला बी येतो... थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

"मेंढरं पळून जात न्हाईत, एवढा."

मग रोज तो माझ्यासाठी खिडकीची जागा धरायचा आणि मी त्याला रोज एक हाड सांगायचे. एक दिवस तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझा जीव थाऱ्यावर राहीना. मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि त्याचं गावसुद्धा विचारलं नव्हतं!

अशात वडिलांनी रविवारी पाहुणे बोलावले. मुलाचं नाव सांगायला लागले, तर मी उठूनच गेले. ठरवलं, कुणी काही विचारो, तोंड उघडायचं नाही. मुकी समजून जातील निघून.

पोहे दिले, मान खाली घालून पाटावर बसले. मुलाचे आजोबा तात्याबा यांनी नाव विचारलं. मी गप्प. शिक्षण विचारलं. गप्प. आईनं मागून चिमटा काढला.

"नडगीच्या हाडाला काय म्हणत्यात?"

तो आवाज... मी मान वर केली. समोर शंभूराज, कान लालबुंद.

"टिबिया," मी म्हणाले. "म्हणजे बासरी."

"नाव इचारलं तर बोलंना, आन हाडं इचारली की बोलती," तात्याबा म्हणाले. सगळे हसले. त्या हसण्यात मी हळूच विचारलं, बसला का नाही आलात?

"घरी तुमचं नाव मीच काढलं. बोलणी निघाल्यावर पोरीला भेटायचं न्हाय, आज्यानं बजावलं हुतं. दुसऱ्या गाडीनं जात हुतो." त्यानं माझ्या पायाकडं पाहिलं. "नडगी... दुखती का अजून?"

"दुखतीय," मी म्हणाले. "आता येताना कॅन नको. पावा आणा."