वाट वाकडी करून

उमापूरचा आठवडी बाजार ऐन भरात होता, आणि अंगद बांगड्यांच्या दुकानात शिरला तो निव्वळ सावलीसाठी. ऑनलाइन कंपनीचा माणूस तो. हातातली पार्सल-केंद्राची पाटी शेजारच्या मोबाइलच्या दुकानावर लावायला आला होता, तर त्या दुकानाला भलंमोठं कुलूप.

"सोमेश्वर जेवून झोपला असंल," एका बाईच्या हातात बांगड्या भरता भरता आरोही म्हणाली. "पण तिथं कशाला लावताय पाटी? दिवसभर पोरं बसत्यात तिथं. साडीचं पार्सल न्यायला बायका कशा येतील?"

अंगदनं दुकानभर नजर फिरवली. बाकावर बायकांची दाटी. मग नजर आरोहीवर आली आणि तिथंच जरा… रेंगाळली.

"आमच्या कंपनीचं एकच सूत्र हाय," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाच्या रोजच्या वाटेवर बसायचं. पार्सल न्यायला आलेलं माणूस रिकाम्या हातानं जात न्हाई, आणखी कायतरी घेतंच."

"मग इथंच बसा की," आरोही म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो हे कळून कानापर्यंत लाल झाली.

पाटी बांगड्यांच्या दुकानावर लागली – 'तुमच्या वाटेवरच!' सूत्र खरं ठरलं. बायका तिथंच पार्सल फोडायच्या, साडी खांद्यावर टाकून आरशात बघायच्या आणि जुळत्या बांगड्या भरूनच उठायच्या. आरोहीची आई विमलबाई आधी त्या पाटीला नाक मुरडत होती. आता रोज सकाळी पदरानं पुसायला लागली.

अंगद महिन्यातून एकदा आला असता तरी चाललं असतं. तो दर बाजाराला यायचा. शिवाय राहायचा गेवराईत, पण स्वतःची पार्सलं मागवायचा उमापुरात. कंगवा, बॅटरी, मोजे… पुन्हा मोजे.

"गेवराईत केंद्र न्हाई वाटतं?" आरोही विचारायची.

"हाय की. आमच्या घराच्या खालीच हाय."

"मग?"

"तिथल्या माणसाला मिशा हायत," अंगद गंभीर चेहऱ्यानं सांगायचा. हसू लपवायला आरोहीला बांगड्यांच्या खोक्यात तोंड घालावं लागायचं.

दसरा सरला. ऊसतोडीच्या टोळ्या कोयते बांधून निघाल्या आणि अर्धं गाव रिकामं झालं. बाक ओस पडला. हौसेनं मागवलेल्या साड्या बायका निघून गेल्यावर येऊन पडायच्या आणि तशाच परत जायच्या. एका दुपारी अंगद आला तो उतरल्या चेहऱ्यानं.

"वरून निरोप आलाय. हितलं केंद्र बंद करा म्हणत्यात. मी भांडून बघतोय, पण…"

केंद्र गेलं की हा कशाला येतोय? गप्प राहावं, त्याला भांडू द्यावं, असं आरोहीच्या मनात आलंही. पण डोळ्यांसमोर ऊसतोडीला गेलेली, पाचटाच्या खोपीत राहणारी मंगल आली. आपली जांभळी साडी आली का, हे विचारायला तिनं कालच कारखान्यावरून फोन केला होता.

"बंद कशाला? हलवा," ती हळूच म्हणाली. "बायकांची वाट आता कारखान्यावर हाय. खोप्यांजवळ एखादं किराणा दुकान असंलच, तिथं लावा पाटी. टोळ्या फिरल्या की आणा माघारी."

अंगद तिच्याकडे बघतच राहिला. "हे वरच्या लोकांना लगेच पटंल." मग त्याचा आवाज खाली गेला. "पण… मला हितं यायला निमित्त उरणार न्हाई."

"का? मोजे पुरले का आता?"

"मोज्यांसाठी कोण येतंय एवढ्या लांब? तुमच्यासाठी येतोय मी, आरोही. पहिल्या दिवसापासून."

आरोहीनं फोन काढला, एक आरसा निवडला, पार्सल कुठून नेणार या प्रश्नापुढं बोट ठेवलं आणि फोन त्याच्यापुढं धरला. गेवराई.

"हे कुठं तुमच्या वाटेवर हाय?" अंगदनं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "वाट वाकडी करून येईन."

आतल्या खोलीत सगळं ऐकत बसलेली विमलबाई पडद्याआडून म्हणाली, "एकटी नको जाऊस गं, मी बी येते. केंद्राच्या वरच साहेबांचं घर हाय न्हवं? ते बी बघून येऊ."

या वेळी कानापर्यंत लाल व्हायची पाळी अंगदची होती.