भाऊजींच्या खोलीत मशीन उठेना

ही हकिगत मी आजवर चौघांनाच सांगितली आहे. तिघं हसले. चौथा इलेक्ट्रिशियन होता. तो हसला नाही.

जे घडलं तेच सांगतोय. पदरचं काही घालत नाही.

आणि आधीच सांगून टाकतो, मध्यरात्र वगैरे काही नव्हती. शनिवार होता. सकाळचे अकरा. खिडकीतून टेबलावर ऊन आलं होतं, आणि खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं.

गेली चौदा वर्षं मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळतो. शेकडो मशिनं उघडली, शेकडो जोडली. त्यामुळे नवं मशीन पहिल्यांदा चालू करताना लोक घाबरतात, तसा मी घाबरत नाही. उठलं तर उठलं. नाही उठलं तर का नाही, ते शोधायचं. एवढंच.

हे मशीन माझ्या थोरल्या बहिणीसाठी होतं.

ताई एक्कावन्न वर्षांची. तिला आयुष्यातलं पहिलं काम मिळालं होतं. एका संस्थेने रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ऐकून टाइप करून द्यायच्या. सोमवारपासून सुरुवात.

भाऊजी असते तर हे शक्यच नव्हतं.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. नकाशे काढायचे. माणूस हुशार, पण नाकावर राग. त्यांच्या खोलीतल्या टेबलाला कुणी हात लावला की आधी जीभ टाळ्याला लावून आवाज काढायचे. च्च! आणि मग म्हणायचे, "हात काढ."

ताईने तीस वर्षं हात काढला.

आठ महिन्यांपूर्वी ते त्याच खोलीत, त्याच खुर्चीत गेले. हृदय बंद पडलं. ताईने त्यांचा जुना कॉम्प्युटर पहिल्याच आठवड्यात भंगारात दिला. टेबल आणि चाकांची खुर्ची तेवढी राहिली.

घरात कामाचं टेबल तेच. म्हणून मी मशीन तिथेच जोडायला घेतलं.

ताई मात्र दारातच उभी. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना.

"बाहेर जोडलंस तर नाही का चालणार?" तिने विचारलं.

"का? इथे काय वाघ बसलाय?"

"तसं नाही रे... ह्यांना आवडायचं नाही."

"ताई, भाऊजी नाहीत आता."



तासाभरात सगळं जोडून झालं. प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय. सगळं कोरं करकरीत, माझ्या हाताने खोक्यातून काढलेलं. मी बटण दाबलं.

पंखे अर्धा फेरा फिरले... आणि थांबले.

टक्.

पुन्हा दाबलं. अर्धा फेरा... टक्.

"बिघडलं?" ताईचा आवाज लगेच बारीक झाला.

"छे गं. कुठेतरी शॉर्ट होतंय. पॉवर सप्लाय स्वतःला वाचवायला बंद होतो, त्याचाच आवाज आहे हा. पहिल्या वेळी निम्मी मशिनं रुसतात."

मी मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढला आणि पुठ्ठ्यावर ठेवला. खाली एखादा स्क्रू अडकलाय का पाहिलं. नव्हता. प्रोसेसरच्या करंटची वायर घट्ट होती. दोन्ही रॅम काढून पुन्हा बसवल्या.

बटण.

अर्धा फेरा... टक्.

आता मीही जरा चिडलो. भिंतीतून प्लग काढला आणि वायर गुंडाळून हातात घेतली. म्हटलं, सगळं सुटं करून पहिल्यापासून जोडू.

आणि तेव्हा आवाज आला.

च्च...

मी हातातल्या वायरकडे पाहिलं. प्लग माझ्या मुठीत होता.

पॉवर सप्लायमध्ये थोडी वीज साठून राहते, हे मला माहीत आहे. त्यानेही कधी टक् होतं. पण हा टक् नव्हता. हा ओला आवाज होता. तोंडातून येतो तसा.

आणि तो टेबलावरून आलाच नाही. माझ्या मागून आला. खुर्चीच्या बाजूने.

दारात ताईने चौकट घट्ट धरली होती.

"ऐकलंस ना?" ती कुजबुजली. "मी केर काढायला आत आले की येतो. रोज."

"आठ महिने? आणि तू मला आत्ता सांगतेस?"

"काय सांगणार होते? तू हसला असतास."

खरं होतं. मी हसलो असतो.

त्या वेळी उठून बाहेर यायला हवं होतं. पण माझाही हट्टी स्वभाव. आणि खरं सांगायचं तर मला भाऊजींचा राग आला. मेल्यावरसुद्धा माणसाने किती धाकात ठेवावं?

मी मोठ्याने म्हणालो, "मशीन तर इथेच उठणार."

एकच रॅम ठेवली. नसून चालेल ते बाकी सगळं काढलं. प्लग लावला. बटण दाबलं.

पंखे फिरले... आणि फिरतच राहिले.

बोर्डवरचा लाल दिवा लागला, विझला. दुसरा लागला, विझला. आणि स्क्रीनवर डिस्प्ले आला. सुरुवातीच्या सेटिंगचं निळं पान, मशीन जिवंत असल्याची पहिली खूण.

"उठलं!" मी ओरडलो. "ये, बघ तुझं मशीन!"

ताईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. विसरलीच ती सगळं. उंबरा ओलांडून आत आली आणि सरळ त्या खुर्चीत बसली. कीबोर्डवर हात ठेवला.

मी तिला स्क्रीनवरचा कोपरा दाखवला. "हे बघ, हे प्रोसेसरचं तापमान. बत्तीस. एकदम छान."

एकेचाळीस.

"वाढतंय का?"

"थोडं वाढतं."

अठ्ठावन्न... त्र्याहत्तर...

प्रोसेसर गार ठेवणारा वरचा कूलर नीट बसला नसला की असं होतं. मी दाबून पाहिला. पक्का होता. त्याच्या तळाला चिकटवलेलं प्लास्टिक काढायचं विसरलो का? नाही, ते टेबलावर पडलं होतं. मी बोर्डच्या मागून, प्रोसेसरच्या बरोबर खाली बोट लावलं.

गार. बर्फासारखा गार.

अठ्ठ्याऐंशी... सत्त्याण्णव...

"ताई, हात काढ—"

शब्द तोंडातून निघाले आणि माझ्याच लक्षात आलं, हे भाऊजींचे शब्द.

स्क्रीन काळी पडली. पंखे थांबले.

आणि त्यांच्याबरोबर सगळंच थांबलं. खाली गाडी धुणाऱ्याचं पाणी... रस्ता... स्वयंपाकघरातला फ्रिज... काही म्हणजे काही ऐकू येईना. कान गच्च बंद झाल्यासारखं.

मग खुर्ची हलली.

ताईसकट मागे गेली. हळू नाही. कुणी पाठ धरून ओढावी तशी. फरशी सपाट, ताईचे पाय हवेत, आणि खुर्ची धाडकन मागच्या कपाटावर आदळली.

मी धावलो. ताई ओरडत नव्हती. तिचा उजवा हात समोर ताणलेला होता. मनगट कुणीतरी पकडावं तसा. ती समोर बघत होती... माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या थोडं वर.

"सोडा," ती म्हणाली.

मी जागच्या जागी थिजलो. मला ती अहोजाहो कधीच करत नाही.

"सोडा म्हटलं ना. दुखतंय मला."

समोर कुणी नव्हतं. शप्पथ सांगतो, मी आणि ती, दोघंच होतो.

मी तिला कवेत घेऊन उचललं आणि बाहेर आलो. उंबरा ओलांडला तसा खालच्या पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

ताईच्या मनगटावर वळ होते. वरून चार, खालून एक.

दुपारी डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरबाईंनी मनगट फिरवून पाहिलं आणि ताईला विचारलं, "कुणी धरलं होतं?" ताईने मनगट मागे घेतलं. मग त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ना... ती नजर मी अजून विसरलो नाही. मला बाहेर बसायला सांगितलं.

रविवारी इलेक्ट्रिशियनला घेऊन एकदाच त्या खोलीत गेलो. त्याने सॉकेट तपासलं, अर्थिंग तपासलं. सगळं ठीक. हत्यारं पिशवीत भरताना तो मध्येच थांबला आणि खुर्चीकडे वळून म्हणाला, "काय म्हणालात साहेब?"

मी दारात होतो. काहीच बोललो नव्हतो.

बाहेर येऊन मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे वर लिहिलंच आहे. चहासुद्धा न घेता गेला.

मशीन मी जेवणाच्या टेबलावर आणलं. तेच सामान, त्याच वायरी. पहिल्या दाबात उठलं. तापमान चौतीस. रात्रभर रॅमची तपासणी लावली, एक चूक नाही.

त्या खोलीला आम्ही कुलूप घातलं. ताईने सोमवारी काम सुरू केलं, मनगटाला पट्टी बांधून. मी म्हटलं, "आमच्याकडे येऊन राहा." तर म्हणाली, "का? घर माझं आहे."

तिचं काम छान चाललंय. त्या संस्थेने आता तिला आणखी मुलाखती दिल्या आहेत.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

गेल्या मंगळवारी भर दुपारी मी तिला सहज फोन केला. ती फोन स्पीकरवर टाकून टाइप करत करत बोलते. माझ्या मुलीच्या परीक्षेचं काहीतरी चाललं होतं. बोलता बोलता ती थांबली आणि फोनपासून तोंड वळवून, अगदी शांतपणे म्हणाली,

"थांबा जरा. एवढं पान होऊ द्या."

"ताई... कोण आहे तिथे?"

"कोण असणार?"

तेवढ्यात टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला. पूर्ण पंजा. इतक्या जोरात, की माझ्या हातातला फोन थरथरला.

"ताई!"



दोन सेकंद गेले... तीन...

मग कीबोर्डचा आवाज पुन्हा सुरू झाला. आधीपेक्षा जलद. आधीपेक्षा जोरात.

मी फोन ठेवला नाही. पान संपेपर्यंत कानाला लावून बसून होतो.