कळताच कळवावे

नागपूरच्या स्मरणजाल केंद्रातल्या तपासणी कक्षाला खिडकी नव्हती. आत पाहिलेले बाहेर जाऊ नये म्हणून काम पुरे होईपर्यंत दारही उघडत नसे. कायदा अधिकारी प्रभंजन देवतळे यांच्यासमोर गिरिजाबाई बोरकुटे बसल्या होत्या.

आजारपणानंतर गिरिजाबाई फार विसरू लागल्या, तेव्हा त्यांच्या कानामागे तांदळाच्या दाण्याएवढा स्मरणकण बसवला होता. पाहिलेले, आठवलेले सारे त्यातून केंद्रात साठे आणि लागेल तेव्हा परत येई. कायद्याच्या दृष्टीने केंद्र म्हणजे इंटरनेट पुरवणारी कंपनीच. बेकायदा चित्रफीत जाळ्यात सापडली की तासाभरात सरकारला कळवायचे आणि ती पुसायची. यंत्राला कळले म्हणजे कंपनीला कळले. न कळवणाऱ्याला तुरुंग.

सहा वर्षांपूर्वी भरबाजारात जमावाने गिरिजाबाईंच्या मुलाला, वामनला, ठार मारले. मारणाऱ्यांनीच चित्रण करून ते पसरवले. न्यायालयाने त्या चित्रफितीवर बंदी घातली. पण चित्रण करणाऱ्याच्या खांद्याला खांदा लागून गिरिजाबाई उभ्या होत्या. त्यांची आठवण आणि ती चित्रफीत यंत्राला एकच वाटत होती.

देवतळ्यांनी पडद्यावर दोन्ही पाहिल्या. आईला सूट देणारे एखादे कलम असेलच, असे ते शेजारच्या मेंदूतज्ज्ञ डॉक्टर खासनीसांना म्हणाले.

"मागच्या खेपेला तुम्ही सगळी कलमं दोनदा वाचली, साहेब," गिरिजाबाई म्हणाल्या. "चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधत होतात."

देवतळे तर त्यांना प्रथमच भेटत होते. त्यांनी जुन्या नोंदी उघडल्या. सहा अहवाल होते. सहाही अहवालांखाली त्यांचीच सही.

"तपासणाऱ्यालाही सूट नाही," खासनीस म्हणाल्या. "नोकरीच्या अटीप्रमाणे तुम्हालाही स्मरणकण आहे. त्यातून हा अख्खा तास पुसतात, की तो डोक्यातूनही जातो. मी पडद्याकडे बघत नाही, म्हणून माझा राहतो."

"मग यांची पुसलेली आठवण परत कशी येते?"

"तुम्ही ते नुसतं पाहिलंत. या ते जगल्यात. मेंदू पुन्हा उभं करतो, कण पुन्हा साठवतो. दर वेळी थोडं कमी."

आठवण चित्रफितीशी या वेळी किती जुळली, हे गिरिजाबाईंनी विचारले. पहिल्यांदा जुळणी नव्व्याण्णव टक्के होती, आता एक्याऐंशी. देवतळ्यांचा चेहरा उजळला.

"ऐंशीच्या खाली यंत्र ओळखत नाही, बाई. पुढच्या खेपेला कळवावं लागणार नाही. तुमचा मुलगा तुमच्याजवळ राहील."

गिरिजाबाईंनी सांगितले की त्याच्या सदऱ्याचा रंग उन्हाळ्यातच गेला. आता हनुवटी जुळवताना अडते. कधी ती आपल्या भावाची वाटते.

"यंत्राला जो ओळखू येणार नाही," त्या म्हणाल्या, "तो माझा वामन कसा असेल, साहेब?"

तास संपायला चार मिनिटे उरली होती. देवतळ्यांनी अहवाल पाठवला, आणि गिरिजाबाईंनी डोळे मिटून मुलाला पुन्हा आठवायला सुरुवात केली.