तिसरी लिंक

देविका मूळची साताऱ्याची, नोकरीला चेन्नईत, वेलचेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. दर रविवारी दुपारी ती नुंगंबाक्कमला कनकामामींकडे जायची. मामी तंजावरी मराठी. त्यांची डिकाशनची कॉफी आणि जुन्या वळणाचं बोलणं, दोन्हींचं तिला भारी अप्रूप.

मामींचे यजमान कृष्णस्वामी तीन वर्षांपूर्वी गेले. देविकानं त्यांना पाहिलंही नव्हतं. आजारपणात त्यांनी आठवणी सांगितल्या, मामींनी टाइप केल्या. सहाशे चाळीस ओळी, सलग, मध्ये एकही मथळा नाही. तंजावरला कृष्णस्वामींची धाकटी बहीण श्रीरंजनी अंथरुणाला खिळलेली. भावाबहिणीत वीस वर्षं अबोला होता. ‘त्यांत माझं नांव आहे कां?’ एवढंच तिनं विचारलं होतं.

“दोन जागीं आहे,” मामी म्हणाल्या. “पण एवढं सगळं ती कुठून वाचणार?”

देविकानं सोपी युक्ती काढली. मजकूर आहे तसा इंटरनेटवर ठेवला. पत्त्याच्या शेवटी ओळीचे पहिले दोन शब्द लिहायचे. लिंक दाबली की पान तिथंच सरकतं, ओळ पिवळी होते. शब्द सापडले नाहीत तर पान हलत नाही. तिनं श्रीरंजनीला दोन लिंका पाठवल्या. मामींना इतकी गंमत वाटली, की रसवांग्याच्या, म्हणजे वांग्याच्या आमटीच्या, ओळीची लिंक त्यांनी शेजारणीलाही धाडली.

तासाभरानं फोन आला. श्रीरंजनी रडत होती आणि हसतही होती.

“तिसरी वाचली गे. एवढं पुरे मला.”

“तिसरी कुठली?” देविकानं विचारलं.

“तूंच पाठवलीस ना?”

श्रीरंजनीनं ती लिंक देविकाला परत पाठवली. देविकानं दाबली. पान सरसर खाली गेलं. मधोमध एक ओळ पिवळी झाली.

‘रंजी, चुकलों. दार मींच लावून घेतलं होतं.’

मामींनी चष्मा लावून वाचलं. “हें मीं टाइप केलं नाहीं. पण ‘रंजी’ फक्त तेच म्हणायचे तिला.”

देविकानं मूळ फाइल उघडून शोधलं. सहाशे चाळीस ओळी. ही त्यांत नव्हती.

तेवढ्यात मामींच्या फोनवर लिंक आली, देविकाच्या नावानं. देविकाचा फोन टेबलावर पालथा पडला होता.

मामींनी वाचलं आणि त्या तोंडाला पदर लावून खुदकन हसल्या.

“काय आहे, मामी?”

“तें तुला सांगायचं नाहीं,” म्हणत त्या लाजून आत गेल्या.

देविकालाही हसू आलं.

मग टेबलावरचा फोन थरथरला. लिंक तिच्याच नंबरावरून होती.

पत्त्याच्या शेवटी दोन शब्द होते: ‘देविका, उद्यां’.