मानेवरचे दोन चौकोन

मंगळवारी मी मर्विन वेस्टवेच्या गोठ्यात क्षयाची चाचणी केली. इंग्लंडमधल्या आमच्या डेव्हनमध्ये पावसाबद्दल बोलून झालं की लोक याच विषयावर येतात. गाईच्या मानेवरचे केस दोन ठिकाणी, वर-खाली, चौकोनी कापायचे, दोन्हीकडे सुई टोचायची आणि शुक्रवारी बोटांनी चाचपायचं. वरच्यापेक्षा खालची गाठ मोठी निघाली, की गाय कत्तलखान्यात.

"डॅमसनला नेलंत तर याद राखा, डॉक्टर," मर्विन म्हणाला. त्याच्या बायकोनं, आयरिसनं, बाटलीनं वाढवलेली ही शेवटची गाय. आयरिस गेली, गाय राहिली. "रोग त्या पट्टेरी तोंडाच्या बॅजरांचा. गोळ्या घाला की त्यांना."

"बॅजर म्हणत असतील, गाईंचा."

"म्हणणारच. शेंगदाणे तुम्हीच चारता त्यांना."

चारत होतोच. त्याच्या रानात बिळं करून राहणाऱ्या बॅजरांना क्षयाची लस टोचायला मी पिंजरे लावले होते, आत शेंगदाण्यांचं आमिष. गुरुवारी सकाळी एका पिंजऱ्यात थोराड मादी बसली होती. धडपड नाही, गुरगुर नाही. मानेवर दोन चौकोन, वर-खाली. कडा सरळ, माझ्या हातच्या असतात तशा. खालचा चौकोन फुगलेला.

मर्विनला विचारलं.

"बॅजरची हजामत? मी? अहो, स्वतःची दाढी रविवारी करतो, तीही चर्चला घाबरून."

मी हातमोजा काढून जाळीतून ती गाठ चाचपली. कढत होती. सवय वाईट. मग लस टोचली आणि दार उघडलं. ती सावकाश चालत गेली.

शुक्रवारी डॅमसन खोड्यात उभी राहिली. मानेवर गाठ नव्हती. चौकोनही नव्हते. केस सलग, दाट. तीन दिवसांत एवढे उगवत नाहीत. कानातला बिल्ला दोनदा पाहिला. तीच.

मर्विननं टोपी काढून हातात धरली होती.

"बोला की."

नियमानं चाचणी रद्द करायला हवी होती.

"पास," मी म्हणालो.

त्यानं गाईच्या कपाळाला कपाळ टेकवलं. बराच वेळ.

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मान काय खाजवताय मघापासून? गोचीड लागली काय?"

मी कॉलर वर ओढली. मानेला दोन ठिकाणी वारा गार लागत होता.

वरची जागा सपाट आहे. खालचीचं सोमवारी कळेल.