हेममोहरीचा उत्तररंग

मंगळावरच्या पारदर्शक घुमटाखाली, डोंगरउतारावर, हेममोहरीची सात रोपं उभी होती. कोबीच्याच कुळातली, हिमालयातून आणलेली, जेमतेम वीतभर उंचीची. पण फुलं अशी पिवळीधमक, की तांबड्या मातीत कुणी सात निरांजनं लावून ठेवावीत.

"सातच!" संचालक सबनीस म्हणाले. "पाया ओतायच्या दिवशी शंभर जिवंत रोपं नसली, तर हा उतार इंधनकोठीला जातो. नियम आहे, डॉक्टर."

बारा वर्षं या रोपांना जपणाऱ्या डॉ. वत्सला गोंधळेकर जागच्या हलल्या नाहीत. "रोपं सात, पण बिया लाखभर आहेत. दरवर्षी सांडल्या, वर धूळ बसली, खाली निजल्या."

"निजल्या की मेल्या?"

"निजल्या! या बीच्या पोटात प्रकाशकळ असते. ओलाव्यात फुगलेल्या बीला क्षणभर ऊन लागलं, की कळ दाबली जाते. मग पुन्हा मातीआड गेली तरी ती उगवणारच. मला एक वाफा उलटू द्या, म्हणजे—"

"झालं कीर्तन सुरू! वाफा नाही नि बिफा नाही. उद्या यंत्र अख्खा उतार उलटेल. करा संमतीवर सही."

"नाही करणार. माझे वडील कीर्तनकार होते, साहेब. समोर नुसता देवळाचा खांब उरला, तरी आख्यान पुरं केल्याशिवाय त्यांनी झांज खाली ठेवली नाही. मीही ठेवणार नाही."

"तुमच्या सहीवाचून काही अडत नाही," म्हणत सबनीस निघून गेले.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात यंत्र फिरलं. सात निरांजनं मातीत गेली. "पांडुरंगा..." म्हणत वत्सलाबाईंनी डोळे पुसले, उन्हात चमकणाऱ्या ओल्या ढेकळांकडे पाहिलं, आणि त्या पाहतच राहिल्या.

मग बांधकामाच्या रीतीप्रमाणे भुसभुशीत माती बसावी म्हणून तिच्यावर रोज पाणी मारलं गेलं. असे पंधरा दिवस.

पाया ओतायच्या सकाळी मोजणीयंत्र उतारावर सरकलं. शंभर झाले. हजार झाले. ते थांबेचना. तांबडा उतार पोपटी कोंबांनी नुसता भरून गेला होता.

सबनीस काठाशी खिळून उभे होते. "डॉक्टर, हे... आधी सांगायचं नाही का?"

"सांगतच होते की," वत्सलाबाई हसल्या. "पण तुम्ही पूर्वरंगातच उठून गेलात. मी एक वाफा मागितला होता. तुम्ही अख्खा उतार दिलात. आता बसा खाली. पायाखाली बघून हं!"